मुंबईबाहेरचे

टेंपो दहाला येणार होता आणि शेवंतीने बाहेरची खोली अजून झाडलीसुद्धा नव्हती.

मार्गशीर्षातली रविवारची सकाळ होती. नदीवरचं धुकं चाळीच्या अंगणापर्यंत येऊन थांबलं होतं. पलीकडच्या काठावरचे भाजीचे वाफे दिसत नव्हते, फक्त कुणीतरी पाणी शेंदत असल्याचा आवाज येत होता. डोंगराकडच्या झाडांचे नुसते शेंडे दिसत होते, खाली बुंधे नसल्यासारखे. दहिसरला थंडीत असं व्हायचं. नऊ-साडेनऊपर्यंत सगळं जग अर्धवट झोपेत असायचं आणि माणसं त्यातून सावकाश चालत कामाला जायची.

"शेवंती, त्येंका चाय तरी देतलंस मां?" उंबऱ्यावर बसून कुळीथ निवडणाऱ्या द्रौपदीने विचारलं. लवूची ही थोरली बहीण आठ दिवसांपूर्वी कणकवलीकडून आली होती. येताना कोकमाची सोलं, कुळीथ आणि गावच्या साऱ्या बातम्या घेऊन आली होती.

"चहा मी कुणालाही देते, बाय."

"आणि जेवण?"

शेवंतीने दाराकडे पाहिलं. लवू शेजाऱ्यांकडून मागून आणलेली खाट घेऊन दारात उभा होता. खाट आत न्यावी की बाहेरच ठेवावी, हे त्याला कळत नव्हतं.

"मला विचारलंत?" शेवंती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग न विचारता मी हो म्हणेन, असं वाटलं होय तुम्हाला?"

लवूने खाट दाराबाहेर भिंतीला टेकवली. गेल्या सोमवारी तो लालबागला गेला होता. त्याच्या थोरल्या भावाच्या, सहदेवदादाच्या, चाळीची मागची गॅलरी गणपतीनंतर कोसळली होती आणि भिंतीवर लाल अक्षरांत 'धोकादायक' लिहिलं होतं. भाडेकरूंना कांजूरमार्गला, कारखान्यांजवळ, तात्पुरत्या खोल्या मिळाल्या होत्या. तिथल्या धुरात रुक्मिणीवैनीचा दमा तिला जगू देणार नव्हता. लवू गेला तेव्हा ती बांधलेल्या बोचक्यावर बसून धापा टाकत होती आणि दादा खिडकीतून बंद गिरणीच्या चिमणीकडे बघत होता. गिरण्यांच्या संपानंतर त्याला परत घेतलं नव्हतं. या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. लवूच्या तोंडून निघून गेलं, "चला माझ्याकडे." घरी येऊन ते बायकोला सांगायला त्याला तीन दिवस लागले.

"शेवंती, माझा एकच भाऊ आहे गं."

"आणि माझा एकच मुलगा होता," शेवंती म्हणाली आणि केरसुणी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

*

टेंपोत ड्रायव्हरच्या शेजारी रुक्मिणी बसली होती. सहदेव मागे सामानात, गुंडाळलेल्या गादीला टेकून होता. रस्ता मागे मागे सरकत होता, आणि जे जे मागे जात होतं ते धुक्यात विरघळत होतं. वांद्र्याची खाडी गेली, अंधेरी गेलं. गोरेगावच्या पुढे रस्त्याच्या कडेला म्हशी दिसायला लागल्या. चौदाव्या वर्षी बोटीतून मुंबईला येताना कोकणचा किनारा असाच मागे जाताना त्याने पाहिला होता. तेव्हा रडू आलं होतं. आता काय येत होतं, ते त्याला ओळखता येईना.

बोरिवलीला चहाला थांबले तेव्हा ड्रायव्हरने सहज विचारलं, "मुंबई सोडली काय, काका?"

"सोडली नाय. भावाकडे चाललोय."

"कुठे?"

"दहिसरला."

"म्हणजे सोडलीच," ड्रायव्हर हसून म्हणाला.

सहदेवला राग यायला हवा होता. पण हे त्याचंच वाक्य होतं. लवूने एकाहत्तर साली दहिसरला खोली घेतली तेव्हा साऱ्या चाळीसमोर तो म्हणाला होता, "खाडी ओलांडली की मुंबई संपली. पुढे राहतात ते सगळे वेशीबाहेरचे." नाव चिकटलं. गणपतीला लवू-शेवंती पोरांना घेऊन आली की चाळीतली मुलं जिन्यातूनच ओरडायची, "वेशीबाहेरचे आले, वेशीबाहेरचे आले!" लवू हसायचा. वर्षभरात तोही म्हणायला लागला, "उद्या मुंबईला जायचंय," जणू काही तो दुसऱ्या गावी राहत होता. शेवंती मात्र कधी हसली नाही. खोली तिने पसंत केली होती. घरात नळ, दारात तुळस, पोरांना खेळायला नदीकाठ. "इथे श्वास घेता येतो, भावोजी," असं ती एकदा म्हणाली होती.

सहदेवने चहा अर्धाच टाकून पेला परत दिला.

*

टेंपो अंगणात वळला तेव्हा सगळे बाहेर आले. लवूने पुढे होऊन वैनीला हात दिला. लवूची मुलगी जानकी, टेलिफोन खात्यात नुकतीच चिकटलेली, सामान उतरवायला धावली. शेवंती चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

सहदेव खाली उतरला. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे त्याला जाणवलं. काय बोलावं ते सुचेना, आणि जुनी सवय जिभेवर आली.

"वा! जंगलातसुद्धा कौलं चढली की!"

कुणीच हसलं नाही. 

"सहदेवा," द्रौपदी उंबऱ्यावरून न उठता म्हणाली, "गावात तुका काय म्हणतत, ठावक हा? चाकरमानी. आणि लवूक काय म्हणतत? चाकरमानी. गणपतीक येतत, चार दिवस आमका अक्कल शिकयतत आणि उरलेले मोदक बांधून घेवन जातत. आमका लालबाग खंय नि दहिसर खंय! तुमी सगळेच मुंबयकार."

"आणि जकात नाका आमच्या पुढे आहे, दादा," लवू घाईने म्हणाला. त्याला कसंही करून ही घडी निभवायची होती. "मुंबई संपते ती तिथं. आम्ही आतलेच."

जानकी हसली, रुक्मिणीही खोकत खोकत हसली. शेवंतीने ट्रे ओट्यावर ठेवला, आत गेली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर तिची निळी साडी थोडा वेळ दिसली. मग धुक्याने तीही घेतली.

लवू तिच्यामागे निघाला होता. रुक्मिणीने त्याला अडवलं.

"तुम्ही नका जाऊ, भावोजी." मग ती नवऱ्याकडे वळली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने कधी चारचौघांत त्याला असं सुनावलं नव्हतं. "तुम्ही जा. तिने आत घेतल्याशिवाय मी या घराचा उंबरा ओलांडणार नाही. ती नको म्हणाली तर याच टेंपोने कांजूरला जाऊ."

"अगं, त्या धुरात तू..."

"मरेन. पण जिला तिच्या दारात तसं बोललात, तिच्या घरात चोरासारखी शिरणार नाही."

एवढं बोलून तिला धाप लागली आणि ती अंगणातच, गादीच्या गुंडाळीवर बसली. ड्रायव्हरने दोन्हीकडे पाहिलं आणि विडी पेटवून बाजूला गेला.

*

जानकी काकाला वाट दाखवायला निघाली. म्हातारा माणूस चिखलात घसरेल, असं तिने आत्याला सांगितलं. खरं म्हणजे तिला त्याच्याबरोबर चालायचं होतं.

ती दहा वर्षांची असताना हाच माणूस अंगणात उभा होता. मे महिना होता. रेल्वेचा संप चालू होता, गाड्या बंद, स्टेशन सुनं. तिचा तीन वर्षांचा भाऊ चंद्रप्रकाश, सगळ्यांचा चंदू, घटसर्पाने सकाळपासून घुसमटत होता. स्टेशनजवळचा डॉक्टर गावाला गेलेला. बाबांनी वाण्याच्या दुकानातून गिरणीच्या गेटवर फोन केला होता, दादाला सांगा, टॅक्सी घेऊन ये. मग सगळे वाट बघत बसले. दुपारी आईने बाबांना म्हटलं, आता टॅक्सी नको. काका आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याच्या हातातल्या पिशवीत मोसंबी होती. चंदूला नुकतंच नदीकाठी, जांभळीखाली मातीत ठेवून सगळे परतले होते. काका अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, "मुंबईबाहेर राहायला गेलात. हे व्हायचंच होतं."

त्यानंतर आई कधी लालबागला गेली नाही.

"काका," जानकी म्हणाली, "आई बोलणार नाही तुमच्याशी."

"ठाऊक आहे."

"मग कशाला येताय?"

सहदेव पाय जपून टाकत पुढे चालला. त्याच्या चपलेत पाणी शिरलं होतं.

"मला बोलायचंय," तो म्हणाला.

वाफ्यांपाशी एक म्हातारा माळव्याला पाणी घालत होता. त्याने मान वर करून सहदेवच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "मुंबईवाले काय? हितून या. तिकडचा दगड निसरडा हाय." सहदेव मुकाट्याने त्याने दाखवलेल्या दगडावरून गेला. जानकी तिथेच थांबली. पुढे जांभूळ होती, आणि झाडाखाली तिची आई.

*

नदी इथे उथळ होती. पाण्याचा आवाज इतका बारीक होता, की ऐकू येतोय की आठवतोय ते कळू नये. जांभळीची पानं टपटपत होती. धुक्यातून कोवळं ऊन खाली यायला लागलं होतं आणि सगळा काठ दुधात हळद पडावी तसा दिसत होता. शेवंती झाडाच्या मुळावर बसली होती. मागे पावलं वाजली, तरी तिने वळून पाहिलं नाही.

"दहा वर्षांत तुम्ही इथवर आला नाहीत," ती म्हणाली.

"नाही आलो."

"त्या दिवशीही नाही. अंगणातनंच परत गेलात."

"शेवंती, त्या दिवशी लवूचा निरोप मला साडेनऊला मिळाला होता."

तिला आधी ते कळलंच नाही. मग ती हळूहळू वळली.

"नंतर ह्यांना म्हणालात, सुटीच्या वेळी मिळाला. साडेतीनला. गेटवर."

"खोटं सांगितलं."

सहदेव उभाच होता. त्याने झाडाला हात लावला, मग काढून घेतला.

"गेटवरचा सीताराम खात्यात येऊन सांगून गेला. पोराचा श्वास अडकतोय, गाड्या बंद आहेत, टॅक्सी घेऊन बोलावलंय. कापडाचे माझे चारही साचे चालू होते. त्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं. मी ओरडून म्हटलं, दहिसरवाल्यांचं हे नेहमीचंच, साधा खोकला झाला तरी मुंबई हलवतात. सीताराम हसला. मीही हसलो. आणि कापड विणत राहिलो."

शेवंतीने मुळाची ओली साल मुठीत धरली.

"साडेतीनला भोंगा झाला. मोसंबी घेतली, टॅक्सी केली. गाड्यांच्या संपात टॅक्सी मिळायला वेळ लागला, पण एकदा निघाली ती पाऊण तासात इथं. पाऊण तास, शेवंती. दहिसर एवढंच लांब होतं." त्याने वर चाळीकडे पाहिलं. "अंगणात आलो तर तुम्ही सगळे बसलेले. कुणीतरी विचारणार होतं, दादा, इतका उशीर का? कुणी विचारायच्या आधीच मी ते बोललो. म्हणजे कुणी विचारणार नाही."

वाफ्यांकडे पाणी ओतल्याचा आवाज आला. कुठेतरी बगळा उडाला, त्याचे पंख धुक्यावर घासल्यासारखे वाजले.

दहा वर्षं शेवंती या माणसाशी मनातल्या मनात भांडत होती. भात धुताना, पोरीची वेणी घालताना, नदीवर धुणं आपटताना. आणि दहा वर्षं, त्या भांडणाच्या तळाशी, तिला वाटत आलं होतं की तो खरं बोलला. खोली तिने पसंत केली होती. नवऱ्याच्या मागे तिनेच लकडा लावला होता, इथे हवा आहे, इथे मोकळं आहे. लालबागच्या त्या अंधाऱ्या खोलीत राहिली असती तर समोर इस्पितळ होतं. आपणच पोराला मुंबईबाहेर आणून मारलं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लवूलासुद्धा नाही.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मी नाही त्याला मारलं."

सहदेवने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनात इतकी वर्षं काय होतं हे त्याला आत्ता, या क्षणी कळलं, आणि तो मटकन खाली बसला. ओल्या मातीत, इस्त्रीच्या कपड्यांनिशी.

"तू? तू कशी गं? तू कशी?"

शेवंती उठली.  त्याचं पांढरं डोकं तिच्या समोर खाली झुकलेलं होतं. एक धक्का दिला असता तर तो पाण्यात गेला असता, असं तिच्या मनात आलं, आणि ती तो विचार घेऊन तशीच उभी राहिली. मग रडू आलं. आवाज न करता, खूप. चंदू गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा रडायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटलं नव्हतं.

 ऊन पाण्यापर्यंत उतरलं.

"ह्यांना सांगितलंत?" पदराने तोंड पुसत तिने विचारलं.

"नाही. आज सांगतो. आत्ता वर जाऊन सांगतो."

"नाही सांगायचं."

"शेवंती..."

"ह्यांना एकच भाऊ आहे. मला दीर नसला तरी चालतं, ह्यांना भाऊ लागतो." ती दोन पावलं चालून गेली आणि थांबली. "मी माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"वैनींना बाहेरच्या खोलीत गारठा बाधेल. त्या माझ्याजवळ आत झोपतील. तुम्ही बाहेर. आणि पहाटे पाचला पाणी येतं, ते भरायला उठावं लागेल."

"उठेन."

"इथे शेजारीपाजारी विचारतील, कुठले म्हणून. तेव्हा लालबागच्या गोष्टी सांगत बसायचं नाही. इथे राहायचं तर इथलं व्हायचं."

"ते मला काय म्हणतील?"

"म्हणतील मुंबईवाला. पाच-दहा वर्षं म्हणतील," शेवंती म्हणाली. "सवय होते."

*

अंगणातून लवूने त्यांना वर येताना पाहिलं. शेवंती पुढे होती. दादा तिच्या मागे होता आणि ती पाय ठेवील त्याच दगडावर पाय ठेवत होता. त्याच्या धोतराला मागून चिखल लागला होता. जानकी दोघांच्या मागे, अंतर ठेवून.

 लवूच्याही पोटात एक गोष्ट होती. पंचाहत्तरच्या गणपतीत तो एकटाच लालबागला गेला होता, तेव्हा गिरणीच्या गेटवरच्या सीतारामने त्याला बाजूला घेऊन त्याचे हात धरले होते. "लवूशेट, त्या दिवशीचा निरोप मी साडेनऊलाच दिला होता. मी हसलो होतो हो. मला झोप येत नाही." लवू त्या दिवशी दादाच्या खोलीवर गेलाच नाही. लालबागपासून माहीमपर्यंत तो पायी चालला. खाडीच्या पुलावर उभा राहून त्याने ठरवलं, की हे शेवंतीला कळलं तर ती घर सोडेल किंवा भाऊ सोडायला लावेल. मग तो पुढच्या वर्षी पुन्हा गणपतीला गेला, आणि त्याच्या पुढच्याही. जिन्यातली पोरं ओरडली की हसत राहिला.

शेवंती अंगणात आली. रुक्मिणीपाशी वाकून तिने तिच्या काखेत हात घातला. "उठा, वैनी. गारठ्यात काय बसलात? आत चला, वाफारा देते." रुक्मिणी उठली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी आत गेली. द्रौपदीने कुळथाचं सूप उचलून वाट करून दिली. "चला, येकदाचे गाववाले झाले सगळे," ती स्वतःशीच पुटपुटली.

लवू दादासमोर उभा राहिला. सहदेवचे डोळे लाल होते. दारातून शेवंती मागे वळून पाहत होती, तिचेही लाल होते.

"काय बोलत होतात एवढं?" लवूने विचारलं.

"काही नाही," सहदेव म्हणाला.

"काही नाही," शेवंती म्हणाली.

दोघांच्या तोंडून ते एकदमच आलं. लवूने एकाकडे पाहिलं, मग दुसरीकडे. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती दोघं एका बाजूला होती, आणि त्याच्यापासून काहीतरी लपवत होती.

"बरं," तो म्हणाला, आणि खाटेचं एक टोक उचलून दादाला दुसरं टोक धरायला लावलं.